आबांनी भाजलेलं दही

सुरुवात पायाच्या बोटांपासून झाली. सकाळी ओट्यावर बसून चप्पल घालत होते, तेव्हा बोटांना मुंग्या आल्यासारखं वाटलं. थंडीचे दिवस. धरणाकडून आलेलं धुकं आमच्या अंगणात कण्हेरीपाशी येऊन थांबलं होतं. म्हटलं, गारठा असेल. त्याआधी पोट बिघडून बरं झालं होतं, त्याचा अशक्तपणाही असेल. अंगावर शाल घेतली आणि शाळेत गेले.

मी तिसरीच्या वर्गाला शिकवते. त्या दिवशी फळ्यावर लिहिताना खडू सारखा हातातून निसटत होता. मुलांना गंमत वाटली. एकाने उचलून दिला, मग दुसऱ्याने. दुपारी जिना उतरायला गेले तर गुडघे ऐकेनात. दुखत नव्हतं काहीच. फक्त पाय माझे राहिले नव्हते. कठड्याला धरून मी तशीच उभी राहिले, आणि मुलं दोन्ही बाजूंनी पाण्यासारखी खाली वाहून गेली.

संध्याकाळी मिलिंदने, माझ्या नवऱ्याने, मोटारसायकलवर बसवून लोणावळ्याच्या बाजारातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गुडघ्यावर छोटा हातोडा मारला. पाय उडाला नाही. पुन्हा मारला. मग त्यांनी हातोडा खाली ठेवला, माझ्याकडे न बघता मिलिंदला म्हणाले, "यांना आत्ताच्या आत्ता पुण्याला न्या. घरी जाऊन कपडे वगैरे घेत बसू नका."

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं, हातापायांना बारीक झटके देऊन नसा तपासल्या. मग एक तरुण डॉक्टर आली. तिने स्टूल ओढलं आणि माझ्या डोळ्यांच्या उंचीला बसली. उभ्याने सांगितलं नाही, हे मला अजून आठवतं.

"ताई, शरीराची राखण करणारी जी ताकद असते ना, ती चुकून तुमच्याच नसांवर उलटली आहे. याला जीबीएस म्हणतात."

पेपरात वाचलेलं नाव होतं. मिलिंदने माझा हात धरला. मला त्याचा हात दिसला, जाणवला मात्र थोडासाच.

"हे आधी वाढेल," ती म्हणाली, "मग थांबेल, मग हळूहळू उतरेल. बहुतेक लोक बरे होतात."

"सोमवारपर्यंत होईन ना? मुलांची सहल आहे."

ती हसली नाही. "सोमवारपर्यंत नाही, ताई. कधी, ते आत्ता सांगितलं तर खोटं ठरेल."

*

मग ते वर चढत गेलं. पायांतून कमरेत, कमरेतून हातांत. चहाचा कप धरता येईना, मग मान उशीवरून उचलेना. डॉक्टर सारखे येऊन म्हणत, "एका श्वासात आकडे म्हणा." आयुष्यभर मुलांकडून आकडे म्हणवून घेतले, आता मी म्हणत होते आणि प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा लवकर थांबत होते. एकदा पाचालाच थांबले. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मिलिंदला बाहेर पाठवलं. घशात नळी घातली, ती श्वास घेणाऱ्या यंत्राला जोडली, आणि माझा आवाज गेला.

पुढच्या दिवसांचं मला नीट सांगता येत नाही. तिथे दिवस नव्हताच. छताचा पांढरा उजेड कायमचा, आणि यंत्राचा श्वास. डोळे मिटता येत नव्हते म्हणून सिस्टर त्यांवर मलम लावून पट्टी चिकटवत. त्या पट्टीच्या आत मी स्वप्नं बघत असे; पण ती झोपेतली स्वप्नं नव्हेत. माझी खाट भिंतीपासून सुटायची आणि दारातून निघून थेट वलवणच्या धरणावर जायची. पाणी कोमट असायचं. काठावर माझा वर्ग मांडी घालून बसलेला. मी हजेरी घ्यायला तोंड उघडायचे, नावं सगळी आठवायची, आवाज मात्र निघायचा नाही. मुलं शांतपणे वाट बघायची. खाट पुढे जायची आणि ती धुक्यात पुसली जायची.

आणखी एक स्वप्न होतं. कुठेतरी काहीतरी भाजलं जात आहे, वेलचीचा वास येतो आहे, आणि मी तो वास शोधत एका घरातून दुसऱ्या घरात जाते. कुणाच्याच घरी कुणी नसतं. सगळ्या चुली गरम.

या आजारात दुखत नाही, असं लोकांना वाटतं. हलता येत नाही म्हणजे कळतही नसेल. पण पायावरची चादर मला पत्र्यासारखी लागायची. ते सांगता येत नव्हतं, हे दुखण्याहून वाईट होतं. मिलिंदने मग एक युक्ती काढली. डोळ्यांवरची पट्टी काढली की तो मुळाक्षरं म्हणायचा, हवं ते अक्षर आलं की मी पापणी हलवायची. जेमतेम हलायची ती, पण तो चेहऱ्याजवळ येऊन बघायचा. पहिल्यांदा आम्ही हे केलं तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. त्याला वाटलं असेल, मी आता काहीतरी मोठं बोलणार, आरोहीबद्दल, आमच्या मुलीबद्दल. बराच वेळ लागला आणि शब्द तयार झाला, 'नाक.' मला नाकावर खाज सुटली होती. त्याने खाजवलं. दोघांनाही हसू आलं, पण माझ्या चेहऱ्याला हसता येत नव्हतं, म्हणून तो एकटाच हसला, आणि मग रडला.

चांगल्या गोष्टीही तिथे होत्या. सुरेखा सिस्टर बीडकडच्या. एका रविवारी त्यांनी गरम पाण्याचं पातेलं आणलं, माझं डोकं खाटेच्या कडेला घेऊन केस धुतले, तेल लावून दोन वेण्या घातल्या. "आता कशा शाळेत निघाल्यासारख्या दिसता, मॅडम," म्हणाल्या. अख्ख्या दवाखान्यात मला त्या घटकेइतकं सुख कधी वाटलं नाही.

आणि आबा यायचे. आबा म्हणजे माझे सासरे. त्यांना काय बोलावं ते सुचत नसे. उशाशी उभे राहून ते हळू आवाजात बुद्धाचं त्रिशरण म्हणायचे, एकेक ओळ यंत्राच्या एकेका श्वासाबरोबर. मी पट्टीच्या आत ऐकत राहायचे. कुणीतरी माझ्याबरोबर श्वास घेतं आहे असं वाटायचं.

*

ते थांबलं, मग उतरू लागलं. गळ्याला भोक पाडून नळी तिथे आणली होती, यंत्र हळूहळू सुटलं, आणि मला साध्या वॉर्डात हलवलं. तिथे पहिल्यांदा कुणीतरी चादर बाजूला केली आणि मी माझे पाय पाहिले. पोटऱ्या उरल्याच नव्हत्या. जुन्या उशीची खोळ आतला कापूस काढल्यावर जशी पडते, तशी कातडी हाडांवर पडली होती.

नाकातल्या नळीतून पांढरं, बेचव काहीतरी पोटात जायचं. मग गिळण्याची तपासणी झाली आणि चमच्याने थोडं थोडं द्यायला हरकत नाही असं ठरलं. पातळ नको, ठसका लागून फुप्फुसात जाईल. चावायचं नको, जबड्यात जोर नाही. मऊ, घट्ट, गुळगुळीत. आणि प्रोटीन भरपूर. आहार बघणारी मुलगी रोज येऊन तेच सांगायची, "व्यायाम करून घेतील, पण बांधायला विटाच नसतील तर गवंडी काय करणार?"

पण मला काही जात नव्हतं. उकडलेलं अंडं कुस्करून आणलं की वासानेच उमळून यायचं. डाळीचा घट्ट गोळा तोंडात फिरत राहायचा. एक दिवस मिलिंद भरवत होता. मी घास बाहेर काढला. त्याने पुसलं, पुन्हा भरवला. मी पुन्हा काढला. त्याने वाटी टेबलावर आदळली.

"खायचंच नसेल तर सांग एकदा. मी कंपनीत सुट्टी मागून मागून थकलोय, वैशू. मी पण माणूस आहे."

तो बाहेर निघून गेला. डोळ्यांतून पाणी कानांत उतरत होतं आणि मला ते पुसता येत नव्हतं. शेजारच्या खाटेवरच्या मावशींच्या लेकीने उठून पुसलं. काही विचारलं नाही तिने. मिलिंद परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. आम्ही त्याबद्दल बोललो नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण आजारी माणसाच्या गोष्टीत घरचे नेहमी देवमाणसं असतात. आमच्या घरी माणसं होती.

दुसऱ्या दिवशी आबा आले. खाटेशेजारी बसले, टोपी मांडीवर ठेवली.

"पोरी, येक सांग. तुला सोताला काय खावंसं वाटतं? डाक्टर काय म्हंत्यात ते सोड."

गळ्यावरच्या भोकावर बोट ठेवलं की थोडा आवाज निघायचा. माझं बोट तिथवर पोचत नव्हतं. आबांनीच आपलं बोट ठेवलं, सिस्टरने शिकवल्याप्रमाणे, भीत भीत.

"गोड," मी म्हणाले. "भाजल्याचा वास येतो तसं. पण चावायचं नाही."

आबांनी बोट काढलं. टोपी डोक्यावर चढवली.

"व्हय," म्हणाले. "बगतो."

*

आबा लोणावळ्यातच, तुंगार्लीत एका बंगल्याची राखण करतात. मालकीणबाई मुंबईला असतात, सुट्टीला येतात. बंगल्याच्या स्वयंपाकघरात एक ओव्हन आहे, बाई आल्या की त्यात केक, बिस्किटं भाजतात, हे आबांनी खिडकीतून पाहिलेलं. स्वतः आबांनी चहापलीकडे आयुष्यात काही केलेलं नव्हतं. सासूबाई होत्या तेव्हा त्या वाढायच्या. त्या गेल्यावर मी.

पुढचं मला आरोहीने नंतर सांगितलं. ती तेरा वर्षांची. व्हिडिओ कॉल लावून द्यायला आबांनी तिला बंगल्यावर नेलं होतं.

"मॅडम, म्या आबा. तुमची ती भट्टी हाय न्हाई का सैपाकघरात, ती पेटवायची कशी?"

"भट्टी? ओव्हन म्हणताय का? कशाला, आबा?"

"सूनबाईला गोड करायचंय. पोटीनचं. पन चावायचं न्हाई आन् पातळबी न्हाई."

बाईंनी खुर्ची ओढून घेतली. मग त्यांनी एकेक विचारलं. गिळता किती येतं, दूध चालतं का, अंडं चालतं का, साखरेचा आजार नाही ना. आणि म्हणाल्या, "आबा, आपण दही भाजू या."

आबांनी फोन आरोहीकडे दिला. "बाय, तूच बोल. मॅडम थट्टा करत्यात गरिबाची. दही कुटं भाजत्यात का?"

भाजतात. दही फडक्यात टांगून घट्ट चक्का करायचा, श्रीखंडाला करतो तसा. त्यात आटवलेलं दूध, फेटलेली अंडी, थोडी साखर, वेलची. सगळं गाळून वाट्यांत ओतायचं, वाट्या पाण्याच्या ताटात ठेवायच्या आणि मंद आचेवर भाजायचं. एवढंच. पण आबांनी पहिल्यांदा पाण्याचं ताट वगळलं, त्यांना वाटलं भाजायचं तर पाणी कशाला. त्याची जाळीदार पोळी झाली. दुसऱ्यांदा गूळ घातला, अंगाला चांगला म्हणून, आणि दूध फाटलं. त्यानंतर दही नीट टांगलं नव्हतं, तर वाटीत दह्याचंच पाणी सुटून सगळं पोहत होतं. आरोही म्हणते, आबा ओव्हनच्या काचेपुढे उकिडवे बसायचे आणि आत बघत राहायचे, भाताच्या खाचरात पाणी शिरताना बघावं तसे.

मग एकदा वाटी हलवल्यावर मधोमध नुसती थरथरली, सांडली नाही.

ती त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळून, स्टीलच्या डब्यात घालून पुण्याला आणली. आहारवाल्या मुलीने चमच्याने दाबून पाहिलं, काय काय घातलं ते विचारलं. "चक्का, दूध, अंडं? आजोबा, हेच तर मी रोज ओरडून सांगतेय," असं म्हणून ती गिळणं शिकवणाऱ्या मॅडमना बोलवायला धावली. त्यांनी माझी मान थोडी खाली करायला लावली, अर्धा चमचा जिभेवर ठेवला.

थंडगार. मग वेलची. मग कडेला लागलेला तो किंचित करपट, भाजका वास. ते जिभेवर पसरलं आणि मला काही करावंच लागलं नाही. ते स्वतःच घशाकडे निघालं, धुकं ओट्यावरून घरात येतं तसं, पायरी न वाजवता. मी गिळलं. ठसका लागला नाही. सगळे माझ्या गळ्याकडे बघत होते. मी पुन्हा तोंड उघडलं.

आबा टोपी हातात घेऊन भिंतीशी उभे होते. "अंडं लागतंय का?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. नाही. अजिबात नाही.

मग ते रोज येऊ लागलं. कधी आबा आणायचे, कधी मिलिंद. नाकातली नळी निघाली. वॉर्डात ते 'आजोबांचं दही' म्हणून ओळखलं जाऊ लागलं.

*

घरी आले ती चाकाच्या खुर्चीतून. ओट्याची एकच पायरी, पण मिलिंदला आणि शेजारच्या दोघांना मला उचलून आत न्यावं लागलं. घर मला लांबून बघितल्यासारखं दिसत होतं. भिंतीवर बुद्धांची तसबीर, फडताळ, माझी सांडशी. जणू हे माझ्यासारख्याच दुसऱ्या एका बाईचं घर होतं आणि ती कुठे बाहेर गेली होती.

मालकीणबाईंनी ओव्हन घरी न्यायला सांगितला होता. आबांनी तो शिलाई मशीनच्या टेबलावर मांडला. फिजिओथेरपीला येणारे सर म्हणाले, "उत्तम. रबरी चेंडू दाबत बसण्यापेक्षा कणीक मळा." तेव्हापासून ती माझी शाळा झाली. खुर्ची टेबलाला लावायची, परात मांडीवर. पहिल्यांदा बोटं पिठात नुसती पडून राहायची. मी त्यांच्याकडे बघून सांगायचे, मिटा. त्यांना ते कुठून तरी फार लांबून ऐकू यायचं.

आरोही माझ्याजवळ येत नव्हती. माझ्या चेहऱ्याची डावी बाजू उतरलेली होती, एक डोळा नीट मिटत नसे. ती दारातून बोलायची, "आई, काही हवंय?" आणि निघून जायची. रात्रीचं जेवण पटकन उरकायची. मला राग येत नव्हता. आरशात मलाही ती बाई ओळखू येत नव्हती.

एका दुपारी मला अंडं फोडायचं होतं. उचललं, परातीच्या काठावर आपटलं, ते हातातच चुरगळलं. दुसरं मांडीवर पडलं. तिसरं घेताना जोरच इतका लागला की पिवळा बलक उडून थेट ओव्हनच्या काचेवर बसला आणि संथपणे खाली घसरू लागला. मागून आवाज आला. आरोही दारात तोंडावर हात धरून उभी होती. तिला हसू आवरत नव्हतं. मग मलाही आवरेना. माझं हसणं एका बाजूनेच यायचं तेव्हा, वाकडं. ती ते बघून घाबरली नाही. पुढे आली, माझ्या मांडीवरचं अंडं पुसायला लागली, आणि पुसता पुसता तिने माझ्या पोटात डोकं घातलं.

"मला वाटलं, तू परत आलीच नाहीस," ती म्हणाली.

माझ्या हातांना बलक लागला होता. तसाच तिच्या केसांवरून फिरवला.

त्यानंतर अंडी तिची, मळणं माझं. ती मोबाईलवर शोधायची, 'हाय प्रोटीन ब्राउनी', 'हाय प्रोटीन मफिन'. त्यातल्या बायका डब्यातली पावडर घालायच्या. आमच्याकडे ती नव्हती. मग आम्ही भाजलेल्या डाळ्यांचं पीठ घातलं, दाण्याचं कूट घातलं, नाचणी घातली. मैदा सोडला, साखरेच्या जागी खजूर वाटून घातला. पिकलेली केळी आणि चक्का घातला की डाळ्याचा केकसुद्धा ओलसर राहतो, हे आम्हाला बऱ्याच केकचे दगड झाल्यानंतर कळलं. भिजवलेली मुगाची डाळ वाटून केलेला केक फुगतो छान, पण वेलची सढळ हवी, नाहीतर धिरड्याचा वास येतो. आबा दुपारी येऊन विचारायचे, "आज पोटीनचं काय?" हे सगळं माझ्या डॉक्टरांना विचारून चाललं होतं. तुम्हीही तुमच्या डॉक्टरांना विचारा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर इतकं प्रोटीन चालत नाही.

मी लिहिते तितकं हे सरळ नव्हतं. एका सकाळी पुन्हा बोटांना मुंग्या आल्या, आणि मी इतकी ओरडले की शेजारपाजार गोळा झाला. पुण्याला गेलो. काही नव्हतं, फक्त थकवा. परतताना गाडीत मिलिंद खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, "मला अजून झोपेत ते मशीन ऐकू येतं."

"मलाही," मी म्हणाले.

त्याने खिडकीची काच थोडी खाली केली. घाटाकडचा वारा आत आला. त्या दिवसापासून आम्ही एकमेकांना धीर देणं सोडलं आणि भीती वाटली की सांगू लागलो. ते जास्त सोपं गेलं.

*

आता मी काठी घेऊन चालते. डावं पाऊल थोडं ओढलं जातं. शाळेत अर्धा दिवस जाते, तळमजल्यावरचा वर्ग दिला आहे. दुपारनंतर दिवा विझावा तशी ताकद विझते, मग झोपते.

काही दिवसांपूर्वी आबांना बंगल्यावर चक्कर आली. मिलिंद त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. तपासण्या ठीक होत्या. "वजन बरंच उतरलंय," डॉक्टर म्हणाले, "काय खाता, आबा?" आबा म्हणाले, "समदं खातो." ते खोटं होतं. त्यांचे दात गेलेत, कवळी त्यांना सोसत नाही. चहात भाकरी बुडवून खातात, आमच्या पुढ्यात नको म्हणून बंगल्यावरच खातात. आम्ही कुणी कधी पाहिलंच नव्हतं. सगळे माझ्या ताटाकडे बघत होतो.

दुसऱ्या दिवशी मी दही टांगलं. आरोहीने अंडी फोडली, मी फेटलं, वाट्या पाण्याच्या ताटात ठेवल्या. एक वाटी डब्यात घातली, डबा पिशवीत, पिशवी खांद्याला. आरोही म्हणाली, "मी देऊन येते." मी म्हटलं, नको. रिक्षाने तुंगार्लीच्या चढाखाली उतरले. पुढचा चढ मी एवढ्या महिन्यांत चढले नव्हते.

धुकं होतं. बंगल्यांची फाटकं एकेक करून जवळ येत होती आणि मागे जात होती. काठी, उजवा पाय, डावा पाय. कुठेतरी तळ्यावर पाणकोंबडी ओरडत होती. मला वाटलं, मी पुन्हा त्या खाटेवर आहे आणि हे सगळं पट्टीच्या आत चाललं आहे. मी थांबून रस्त्याकडेच्या भिंतीला हात लावला. भिंत ओली, खरखरीत, गार. शेवाळाचा एक तुकडा बोटांना चिकटून आला. मग पुढे निघाले.

आबा फाटकापाशी पाला झाडत होते. मला बघून खराटा टाकून धावले.

"येकलीच आलीस? येवढ्या चढानं? आरं देवा, बस, बस हितं."

"तुम्ही बसा आधी."

पायरीवर दोघं बसलो. मी डबा उघडला, वाटी आणि चमचा त्यांच्या हातात दिला. ते वाटीकडे बघत राहिले.

"ह्ये तुजं हाय," म्हणाले. "पेशंटचं."

"माझं घरी आहे. हे तुमचं."

त्यांनी चमचा धरला, पण वाटीत घातला नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"आबा, तुम्ही हे कधी खाल्लंच नाही का?"

"न्हाई."

"एवढे दिवस रोज करत होतात. चवसुद्धा नाही बघितली?"

"पेशंटच्या वाटीत कुनी तोंड घालतं का? वास घ्यायचो. हालवून बगायचो. आन् तुज्या त्वांडाकडं बगायचो."

मी चमचा त्यांच्या हातातून घेतला, वाटीतलं काठाकडचं, थोडं जास्त भाजलेलं घेतलं आणि त्यांना भरवलं. चमचा त्यांच्या मिशीला लागला. त्यांनी तोंड मिटलं, डोळेही मिटले. धुकं फाटकातून आत आलं आणि आमच्या पायांशी पसरलं.

तुमच्यापैकी कुणी आत्ता दवाखान्यातल्या खाटेवर हे वाचत असेल, किंवा कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवत असेल, तर मला तुम्हाला धीराचं मोठं काही सांगता येणार नाही. ते उतरायला वेळ लागतो, आणि थोडं राहून जातं. पण तुम्हाला भरवणारं जे कुणी असेल, त्याने आज काय खाल्लं ते विचारा. बोलता येत नसेल तर पापणीने विचारा.

आबांनी दुसरा घास स्वतः घेतला. मग तिसरा. वाटी खरवडली, चमचा चाटला आणि माझ्याकडे बघून म्हणाले,

"ब्येस हाय की गं! आन् म्या आपला भीत भीत करत व्हतो."